मुरलेला लांडगा

शाईबाईंच्या दुकानात रंग मिळत नसे. लाल गुलाब, हिरवा साप, निळं फुलपाखरू असलं काही मागायला कुणी आलं की त्या मान वर न करता म्हणत, "पलीकडच्या बोळात जा. तिथला पोरगा छान रंगवतो. काही वर्षांनी माझ्याकडे या, म्हणजे ते फुलपाखरू आहे की कोबी, ते आपण दोघं मिळून ठरवू."

त्यांच्याकडे फक्त काळं आणि राखाडी. काळ्या शाईची बाटली, शुद्ध पाणी आणि बोटाच्या पेराएवढ्या टोपणांची एक रांग. पहिल्या टोपणात निव्वळ शाई, पुढच्यात थोडं पाणी, त्याच्या पुढच्यात आणखी, असं करत शेवटच्या टोपणात कुंचला धुतल्यावर उरावं तसं मळकट पाणी. पांढरी शाई त्या वापरतच नसत. न टोचलेली कातडी हेच त्यांचं पांढरं. ते आधीच राखून ठेवावं लागे. मागाहून आणता येत नसे.

ही राखाडीची समज त्यांना वडिलांच्या फोटो स्टुडिओत आली. तरुणपणी त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने लोकांचे चेहरे सुधारत. लग्नाच्या फोटोतली मुरुमं, म्हाताऱ्यांच्या गळ्याच्या दोऱ्या, कुणाचा जुना व्रण. पुढे हे काम कॉम्प्युटर करू लागला आणि स्टुडिओची पुढची खोली एका शेंडीवाल्या गोंदणाऱ्याला भाड्याने दिली गेली. त्याने शाईबाईंचा हात पाहिला, मशीन कसं धरायचं ते शिकवलं आणि एक दिवस मशीन तिथेच टाकून कुठल्याशा मुलीमागे गाव सोडून गेला. दुकान शाईबाईंच्या गळ्यात पडलं. सुरुवातीची गिऱ्हाइकं त्यांना झाडूवाली समजत. "मॅडम कधी येतील?" असं विचारलं की त्या म्हणत, "झाडून झालं की येतील."

खुर्ची दातांच्या बंद पडलेल्या दवाखान्यातली होती. तिच्यावर आडवं झालं की निम्मे लोक सवयीने तोंड उघडत.

खोलीच्या मागच्या भागात पडदा, आणि पडद्यापलीकडे त्यांचा नवरा. सगळे त्यांना जमादार म्हणत, शाईबाईसुद्धा. उभा जन्म तुरुंगात नोकरी झालेली. आता गुडघे गेले होते आणि ते दिवसभर एकट्याने पत्ते खेळत, त्यातही लबाडी करत. बायकोच्या कामाचं त्यांना कधी कौतुक वाटलं नाही. "आयुष्यभर गोंदलेले हात मोजले," ते म्हणत, "आणि म्हातारपणी बघतो तर बायकोच गोंदायला बसलेली."

"मग मोजा की. सवय आहे तुम्हाला," शाईबाई म्हणत.

लिफ्टमिस्त्री आला तेव्हा भर दुपार होती. समोरच्या टायरवाल्याकडून जळक्या रबराचा वास येत होता. मिस्त्रीने कुणी सांगितलं नसताना चपला बाहेर काढल्या. आत येताना खुर्चीला धक्का लागला, तर खुर्चीला "सॉरी" म्हणाला. पस्तिशीचा माणूस. हात रुंद, तेलाने काळवंडलेले, पण खांदे असे आत ओढलेले, की जणू कुणी त्याला मागून दोरीने आवळून ठेवलंय.

"मावशी, लांडगा काढायचाय," तो म्हणाला. "मोठा. दात विचकलेला. इथे." त्याने उजव्या कोपराखालची बाहेरची बाजू दाखवली.

"कशाला?"

हा प्रश्न शाईबाई सगळ्यांना विचारत, आणि उत्तरं ऐकून घेत नसत. मिस्त्री मात्र इतका वेळ गप्प राहिला की त्यांना मान वर करावी लागली.

"आत जायचंय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्याच्या अखेरीला हजर व्हायचंय."

"आत म्हणजे कुठे?"

पडद्यामागे पत्त्यांचा आवाज थांबला. "आत म्हणजे आत," जमादारांचा आवाज आला. "किती ठिकाणं असतात?"

मग मिस्त्रीने सगळं सांगितलं. सांगताना तो भिंतीवरच्या आरशाकडे पाहत होता, पण स्वतःकडे नाही, चौकटीकडे. एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टची तपासणी त्याच्याकडे होती. वर मशीनच्या खोलीत चढून ब्रेक पाहायचा असतो. त्या दिवशी त्याने पाहिला नाही. दिवस संपत आला होता, जिने फार होते, आधीच्या वेळी सगळं ठीक होतं. त्याने खालीच सही ठोकली. आठवडाभरात लिफ्ट सुटली. आत एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांना सांभाळणारी बाई. दोघंही गेली. चार वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टातही ती कायम राहिली.

"शिक्षेचं काही नाही, मावशी. ती व्हायलाच पाहिजे. पण मला भांडता येत नाही. शाळेत पण पोरं मारायची तेव्हा मी नुसता उभा राहायचो. एकाने सांगितलं, हातावर असं काही असलं की आतले लोक जरा बिचकतात. म्हणून लांडगा."

पडदा सरकला. जमादार भिंतीला धरून बाहेर आले. गिऱ्हाईक असताना ते कधी बाहेर येत नसत.

"हात दाखव," ते म्हणाले. मिस्त्रीने हात पुढे केला. "कोरा आहे. असाच घेऊन जा. तिथे तोंड कुणी बघत नाही, पहिल्या आंघोळीला कातडी बघतात. जुनी शाई असली तर जुना माणूस. ताजी शाई असली तर काय, कळतंय? 'मी घाबरलोय' असं हातावर लिहून आलेला माणूस. असा एक आला होता. छातीवर वाघ घेऊन. खपली पण नीट पडली नव्हती."

"मग?" मिस्त्रीने विचारलं.

"मग काय. तू हात कोरा ने. सुरुवातीला मार बसेल. खा. ओरडू नकोस, उलट हात करू नकोस. सहा महिन्यांत तुझा कंटाळा येईल त्यांना. ज्याचा कंटाळा आला त्याला कुणी मारत नाही."

"मला मार खाता येत नाही, काका."

"ते कुणालाच येत नाही. शिकवतात."

मिस्त्री जायला वळला. वाकून चपला शोधू लागला, चपला बाहेर आहेत हेही विसरून. त्याच्या मानेचा मागचा भाग शाईबाईंना दिसला. पोरासारखा, नुकताच केस कापलेला. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जुनाच काढला तर?"

दोघं वळून बघू लागले.

"म्हणजे दहा वर्षांपूर्वी काढल्यासारखा. विटलेला, पसरलेला. खपली पडायला आणि चकाकी जायला वेळ हवा, तो आहे आपल्याकडे."

"असं कधी कुणी केलंय?" जमादारांनी विचारलं.

"कशाला करेल? लोक पैसे देऊन नवं करून घेतात."

जमादार बायकोकडून मिस्त्रीकडे वळले. "जमलं तर वाचेल," ते शेवटी म्हणाले. "नाही जमलं, तर कोऱ्या हाताने गेला असता तर बरं झालं असतं असं होईल. मधलं काही नाही. ऐकतोयस ना रे?"

"हो काका. थँक्यू."

"आणि हे थँक्यू बंद कर आधी."

दुसऱ्या दिवशी शाईबाई कागद घेऊन बसल्या. त्यांची रीत अशी की आधी गिऱ्हाइकाचा हात बघायचा, मग जाड कागद पाण्याने भिजवायचा आणि त्याच्यावर शाईचा कुंचला टेकवायचा. ओल्या कागदावर शाई आपल्या मनाने धावते. तिला थोडं धावू द्यायचं, थोडं अडवायचं. लांडग्याचे केस असे आपोआप फुटतात. एकेक केस काढत बसलं तर त्याचा झाडू होतो. पहिला लांडगा त्यांनी जवळजवळ एका दमात उतरवला. मान खाली, खांदे डोक्याहून वर, भुवईखालून रोखलेली नजर. तोंड मिटलेलं.

"दात कुठे आहेत?" जमादारांनी मागून विचारलं.

"दात विचकतं ते भ्यालेलं असतं."

जमादारांनी कागद हातात घेतला, खिडकीशी नेला. घासून धूसर झालेल्या काचेतून आलेल्या उजेडात तो लांडगा आता कागदावरून उतरेल असा दिसत होता. "झकास आहे," ते म्हणाले. बायकोच्या चित्राला त्यांनी उभ्या आयुष्यात दिलेली ही पहिली दाद. मग कागद खाली ठेवत म्हणाले, "कालचा आहे."

खरंच होतं ते. शाईबाईंनी पायावरचं कापड गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि स्वतःच्या नडगीकडे बघत बसल्या. शिकत असताना त्यांनी तिथेच हात बसवला होता. ठिपके, रेघा, एक वेडंवाकडं पान. आता काळ्याचं निळसर झालं होतं. रेघा ओल्या दोऱ्यासारख्या फुगल्या होत्या. पानाच्या शिरांमधली बारीक मोकळी जागा बुजून गेली होती.

"बघा इकडे," त्या म्हणाल्या. जमादार कुरकुरत खाली वाकले. किती वर्षांनी ते बायकोच्या पायाकडे बघत होते कोण जाणे.

"हे पान होय? मला वाटलं शिरा सुजल्यात."

"तुम्हाला काय वाटेल ते वाटू दे. अशी जुनी गोंदणं किती बघितलीत तुम्ही? आठवा. काय काय होतं ते सांगा."

आणि जमादार सांगू लागले. ते खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटून त्यांनी हात, पाठी, माना आठवल्या. बारीक मिशा पहिल्यांदा जातात. कोपराकडचा भाग उन्हाने जास्त विटतो. काळं काळं राहत नाही, पुसलेल्या पाटीसारखं होतं. ज्याने गोंदलंय त्याचा हात कुठेतरी घसरलेला असतो आणि ती घसरण वर्षांनी जास्त दिसते. शाईबाई ऐकत आणि रंगवत. पहिल्या टोपणाला त्यांनी हातच लावला नाही. कानाची कड उडवली. मिशा पुसल्या. केसांमधली पांढरी जागा एकेक करून बुजवली. मानेखाली एक विरळ, टक्कल पडल्यासारखा पट्टा सोडला. जबड्याची रेघ मुद्दाम जाड आणि थोडी चुकीची ओढली. निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पुसण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. आता त्या एकेक सुरकुती घालत होत्या. चांगला लांडगा एका दुपारी झाला होता, तो बिघडवायला आठवडा लागला.

सर्वांत शेवटी राहिला डोळा. बुबुळात तिळाहून लहान असा एक पांढरा ठिपका होता, उजेडाचा. तो होता म्हणून लांडगा बघत होता. दहा वर्षांच्या शाईत असा ठिपका टिकत नाही. आजूबाजूचं काळं सरकत सरकत त्याला गिळून टाकतं. शाईबाईंनी कागदावर त्याच्यावरून फिकी राखाडी फिरवली. लांडग्याची नजर गेली. काचेच्या कपाटात भुसा भरून ठेवलेल्या जनावरासारखं ते तोंड झालं.

"हां," जमादार म्हणाले. "हा माझ्या ओळखीचा आहे."

गोंदायच्या दिवशी मिस्त्री सकाळीच आला. शाईबाईंनी त्याला खुर्चीवर घेतलं नाही, आधी उभं केलं आणि हात सैल सोडायला सांगितला. आडव्या हातावर नक्षी उतरवली तर माणूस उभा राहिल्यावर तिचं तोंड वाकडं होतं. साबण, वस्तरा, मग जांभळ्या रेघांचा सांगाडा. मग मशीन गुणगुणू लागलं. सुई लागली की मिस्त्री "सॉरी" म्हणे, पुसलं की "थँक्यू".

"अरे, तुलाच टोचतेय मी," शाईबाई म्हणाल्या. "सॉरी मी म्हणायला पाहिजे."

"म्हणू नकोस गं," पडद्यामागून आवाज आला. "त्याला सवय लागेल."

मिस्त्री हसला. पुढे बोलता बोलता म्हणाला, आपली बायको या सगळ्याच्या विरुद्ध आहे, ती म्हणते तुझ्या हातावर ससासुद्धा शोभणार नाही. आई आजारी असते, तिला सांगितलंय की बाहेरगावी काम लागलंय. जेवायच्या वेळेला जमादार आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. संध्याकाळकडे सरकणारा उजेड खोलीत राखेसारखा बसू लागला. हातावर एक थकलेला, बुरसटलेला, कुण्या अडाणी हाताने कधीकाळी काढलेला लांडगा तयार झाला होता. इतकं वाईट काम इतकं चांगलं शाईबाईंनी कधी केलं नव्हतं.

डोळा उरला. ठिपका कोरा होता. चौथ्या टोपणातल्या राखाडीत सुई बुडवून त्यांनी हात ताणून धरला.

लांडगा त्यांच्याकडे बघत होता.

आठवडाभर त्यांनी जे जे येत होतं ते सगळं स्वतःच्या हाताने मोडलं होतं. कान, मिशा, केसांतला वारा, जबड्याची धार. एवढं एकच राहिलं होतं. तिळाहून लहान. कोण वाकून बघणार आहे? आतल्या अंधारात, घामात, आंघोळीच्या गर्दीत कोण बुबुळ तपासणार आहे? सुई कातडीपासून केसभर अंतरावर गुणगुणत राहिली. मिस्त्री डोळे मिटून पडला होता. दुखेल म्हणून त्याने ओठ आधीच आवळून घेतले होते.

शाईबाईंनी पायाखालचं बटण सोडलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

खपल्या पडल्या, कातडी सोलली, चकाकी हळूहळू मेली. दर थोड्या दिवसांनी मिस्त्री दाखवायला येई आणि जमादार त्याची शिकवणी घेत. पाठ भिंतीला लावून कसं बसायचं. कुणी विचारलं, कुठे काढलास, तर "जुनी गोष्ट आहे" एवढंच म्हणायचं आणि त्याच्या डोळ्यांत नाही, कानाकडे बघायचं. खांदे खाली. वाटीत वाढलं तर मान हलवायची, तोंड नाही.

"घे, पाणी घे," जमादार पेला पुढे करत.

"थँक्यू."

"मेलास. पुन्हा."

तिघं हसत. मुलंबाळं नसलेल्या त्या घरात एवढा आवाज कधी झाला नव्हता. जमादार हात उजेडात धरून वळवून वळवून बघत आणि म्हणत, "काय मुरलाय! हा तर माझ्या नोकरीच्या आधीचा वाटतो." त्यांची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. ठिपका त्यांना दिसत नव्हता. शाईबाई दर वेळी ठरवत की आज सांगायचं. अजून दिवस होते, एक टोचा, आठवड्यात भरून आला असता. मग मिस्त्री बाही वर करी, लांडगा वर बघे आणि त्या चहा टाकायला उठत.

शेवटच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला तेव्हा खरोखरच काही बोलला नाही. दोघांकडे बघून नुसती मान हलवली. जमादारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पास झाला," ते म्हणाले.

पहिली बातमी चांगली होती. मिस्त्रीची बायको भेटून आली आणि वाटेत दुकानात डोकावली. सडसडीत, फटकळ बाई. "तुमच्या जनावराने काम केलं म्हणायचं," ती म्हणाली. "कुणी जवळ येत नाही. एक-दोघांनी विचारलं, हा म्हणाला जुनी गोष्ट आहे. मला घरी साधं खोटं बोलून दाखवलं नाही त्याने कधी, आणि तिथे बघा!" जमादार दिवसभर पत्ते न लावता नुसते पिसत बसले.

दुसऱ्या खेपेला ती आत आली, दातांच्या खुर्चीच्या कडेवर बसली आणि बराच वेळ पर्सचा पट्टा पिळत राहिली.

"त्याचा आवाज गेलाय," ती म्हणाली.

"आजारी आहे?" शाईबाईंनी विचारलं.

"नाही. तिथे एक म्हातारा कैदी आहे. तारेच्या सुईने आणि काजळीने गोंदतो सगळ्यांना. त्याने एक दिवस ह्याचा हात धरला, उन्हात नेला आणि हसायला लागला. म्हणाला, सगळा लांडगा म्हातारा आणि डोळा कालचा कसा रे? मग सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता रोज बत्ती गेली की ह्याला चार पायांवर उभं करतात आणि लांडग्यासारखं ओरडायला लावतात. ते थांब म्हणेपर्यंत. नाही ओरडला तर..." तिने पट्ट्याला आणखी एक पीळ दिला. "मावशी, डोळ्याचं काय आहे? मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," शाईबाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ठिपका काय, तो का बुजायला हवा होता, सुई कुठे थांबली, सगळं. जमादार ऐकत राहिले. हातातला पत्ता त्यांनी खाली ठेवला नाही.

"मला सांगायचंस."

"काय केलं असतंत?"

"मिटव म्हटलं असतं." त्यांनी हातातला पत्ता उलटून पाहिला. "चांगला होता का?"

"काय?"

"डोळा."

शाईबाई उठल्या. ओट्याशी जाऊन त्या स्वच्छ असलेली टोपणं पुन्हा धुऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी जमादार इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांना पट्टे बांधून बाहेर पडले. निवृत्त झाल्यापासून ते त्या दरवाज्याकडे फिरकले नव्हते. संध्याकाळी परत आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "हाताखालचा होता एक, तो आता मोठा साहेब झालाय," ते म्हणाले. "चहा पाजला. बघतो म्हणाला."

"मग बघेल ना?"

"तीस वर्षं मीच म्हणत होतो, बघतो. बघतो म्हणजे काय ते मला नको सांगूस."

मिस्त्रीची आई वारली म्हणून त्याला थोड्या दिवसांची रजा मिळाली. परत हजर व्हायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. चपला घालूनच आत आला. केस बारीक कापलेले, गाल बसलेले, आणि घशातून निघेल तो नुसता घासल्यासारखा आवाज. खुर्चीला धक्का लागला, पण तो काही बोलला नाही. जमादारांनी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं तर त्याने पेला घेतला आणि मान हलवली. कुणी हसलं नाही.

"बस," शाईबाई म्हणाल्या. "हात दे."

त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. टोपणं, नवी सुई, पुसायचे कागद. मिस्त्रीने बाही वर केली. लांडगा तसाच होता, मळलेला, मुरलेला, आणि भुवईखालून बघत होता. सबंध हातावर तेवढीच एक जागा जिवंत होती.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मला कळत होतं. मी ठेवला तो. आता बुजवते."

"अगं, आता काय उपयोग?" जमादार म्हणाले. "त्यांना कळलंय ते कळलंय. उद्या हा खपली घेऊन आत गेला तर आणखी एक तमाशा."

ते तर शाईबाईंनाही ठाऊक होतं. तरी त्यांचा पाय बटणावर होता आणि मशीन गुणगुणत होतं. मिस्त्री त्यांच्याकडे बघत होता. आता तो डोळ्यांत बघत होता, कानाकडे नाही.

"मावशी," तो त्या घासलेल्या आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठी बुजवायचा असेल तर बुजवा. मी हात हलवणार नाही."

त्याने हात खुर्चीच्या दांड्यावर सरळ ठेवला, तळवा खाली करून, आणि मान वळवून खिडकीकडे बघू लागला. टायरवाल्याकडे कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. एक टोचा. राखाडीचा एक थेंब. पुसलं की झालं, आणि मग ते तोंड कधीच त्यांच्याकडे वर बघणार नव्हतं. उद्या त्याच्यावर बारीक खपली धरली असती आणि ती खपली त्या म्हाताऱ्याने उन्हात धरून पाहिली असती.

शाईबाईंनी सुई खाली ठेवली. ती ठेवायला त्यांना दोन्ही हात लागले.

"हा आपोआप मिटतो ना?" मिस्त्रीने विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात, शाई सरकते."

"सरकते."

"किती दिवसांत?"

खोटं बोलता आलं असतं. जमादारांनी तशी नजरही केली.

"दिवस नाही रे," शाईबाई म्हणाल्या. "आठ-दहा वर्षं. तुझी कातडी चांगली आहे. जास्तच लागतील."

मिस्त्रीने मनातल्या मनात हिशेब केला. त्याचे ओठ हलले आणि मग त्याला हसू आलं. आवाज नसलेलं, नुसतं खांदे हलवणारं. "म्हणजे मी सुटून येईन तेव्हा पण हा जागाच."

त्याने बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं. उकाडा असूनही गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली होती. तो निघाला तेव्हा जमादार भिंत धरून उठले आणि काठी घेऊन त्याच्याबरोबर बाहेर पडले. काचेतून शाईबाईंना दोघं रस्त्याच्या कडेने जाताना धूसर दिसत होते. एक लंगडत होता, दुसरा त्याच्यासाठी पावलं आखडती घेत होता. कोपऱ्यावर कुणाचं तरी कुत्रं त्यांच्या अंगावर भुंकलं. मिस्त्री दचकून जमादारांच्या मागे झाला, आणि जमादारांनी हातातली काठी उगारली.

शाईबाईंनी टोपणांतलं राखाडी पाणी मोरीत ओतलं.